माकडटोपी पाठवा

डोंबिवली, रविवार दुपार

ती. आई-बाबांस शि. सा. नमस्कार.

आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झाल्यामुळे हे पत्र बाबाच मोठ्याने वाचणार, हे धरून लिहितेय. फोनवर हे बोलता आलं नसतं. तुम्ही स्पीकर लावता आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जातं. तर बाबा, पुढे एक शब्द येईल तिथे खोकू नका. शब्द आहे पाळी. माझी जायच्या मार्गाला लागली आहे. झालं, वाचलंत. आता पाणी प्या.

तुमच्या जावयांचा डावा खांदा धरलाय. डॉक्टर फ्रोजन शोल्डर म्हणाले. वर्ष-दीड वर्ष सहज जाईल, घाई करू नका. हात मागे जात नाही, त्यामुळे सकाळी शर्ट मी चढवते. आंतरपाट दूर झाल्यावर मी ह्यांच्या गळ्यात हार घातला होता, त्यानंतर इतक्या जवळून इतक्या गंभीरपणे काही घालायची ही पहिलीच वेळ. व्यायाम असा की भिंतीवर बोटांनी वर वर चढायचं आणि हात पोचेल तिथे पेन्सिलीने खूण करायची. ह्यांनी नेमकी तीच भिंत निवडली जिथे आम्ही लेकीची उंची मोजायचो. परवा ती ओरडली, "आई, बाबा चौथीत गेला!" पेढे मागवा म्हणत होती.

चष्म्याचं तर विचारूच नका. चाळिशी दोघांनाही लागली, नंबर जवळपास सारखा, फ्रेम सारख्या. रोज सकाळी एकमेकांचा चष्मा घालून आपापला शोधतो.

खरी गंमत रात्रीची. मला मानेपासून एकदम वाफ चढते, दोन-तीन मिनिटं घामाची आंघोळ, मग थंडी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, इस्ट्रोजेन खालीवर होतं आणि मेंदूतला तापमान सांभाळणारा भाग उगाचच घाबरतो. तो घाबरतो आणि मी पंखा पाचवर नेते. शेजारी हे गरम पाण्याची पिशवी खांद्यावर घेऊन. एकाच पलंगावर चंद्रपूर आणि महाबळेश्वर. मागच्या मंगळवारी रात्री अडीचला मी फ्रीजचं दार उघडून नुसती उभी होते, हे पिशवीसाठी पाणी तापवायला आले आणि तेही उभे राहिले. बारावीचा अभ्यास करत बसलेली लेक बाहेर येऊन म्हणाली, "काय शोधताय?" आम्हाला दोघांनाही सांगता येईना. हसताना ह्यांचा खांदा दुखला म्हणून पुन्हा हसलो.

आणि तेव्हाच मला आपली सांगलीची ओसरी आठवली.

१९९३. किल्लारीचा भूकंप झाला ते वर्ष, माझी दहावी. आई, तू ऐन थंडीत ओसरीतल्या शहाबादी फरशीवर झोपायचीस, खाली चटईसुद्धा नाही. शेजारच्या काकूंना सांगायचीस, "भूकंपाची धास्ती बसलीय हो." आम्हाला मात्र ठाम वाटायचं की तुझं आणि बाबांचं बिनसलंय. दादाने तर एकदा मला विचारलं होतं, आपण कोणाकडे राहायचं. बाबा रात्री उठून तुझ्यावर गोधडी घालायचे, तू फेकायचीस, ते परत घालायचे. शेवटी त्यांनी गोधडीचा नाद सोडला आणि खिडकीची जाळीच काढून टाकली. तुला वारा मिळाला, घराला डास. नंतर तू आत झोपायला आलीस तीही टेबलफॅन घेऊन, आणि बाबा त्या पंख्यासमोर तपकिरी माकडटोपी घालून, कानाखाली बटण लावून झोपलेले. डिसेंबरात. आम्ही पोरं दाराआडून तोंडात ओढणी कोंबून हसायचो.

त्या वर्षी तू सत्तेचाळीस वर्षांची होतीस. मी आत्ता अठ्ठेचाळीस. हिशोब करायला मला बत्तीस वर्षं लागली, गणितात पंचावन्न मार्क उगाच पडले नव्हते.

बाबा, तुम्हाला कळलं होतं का नक्की काय चाललंय? की काही न विचारताच टोपी चढवलीत? मला तर ह्यांना सगळं सांगावं लागलं, वर व्हिडिओ दाखवावा लागला. तो संपल्यावर हे म्हणाले, "म्हणजे माझं काही चुकलेलं नाही ना?"

मामा पुढच्या आठवड्यात महालक्ष्मीने येतायत. त्यांच्याकडे भडंगाच्या पिशवीत ती माकडटोपी घालून पाठवा. पत्र्याच्या ट्रंकेत डांबराच्या गोळ्यांबरोबर असेल, आई काही टाकत नाही. जावयाला पहिल्या दिवाळसणाला अंगठी घातली होतीत, ती आता बोटातून निघत नाही. टोपी तरी मापाची होईल.

तुमची लेक

ता. क. आई, ह्याचं उत्तर बाबांकडून लिहून घेऊ नकोस. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं की स्वतः लिही. मी थांबते.