आरसा डावं-उजवं करतच नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत मुलांच्या पानावर आरशाबद्दल छोटा लेख आलाय, त्यात चौकटीत ठळक छापलंय की 'आरसा डाव्याचं उजवं आणि उजव्याचं डावं करतो'. माझ्या सहावीतल्या मुलीने ते वाचलं आणि सरळ विचारलं, बाबा मग वरचं खाली का नाही करत? माझं डोकं कुठल्या बाजूला आहे हे आरशाला कसं कळतं? आणि मी आडवी झोपले तर? प्रश्न बरोबर आहे आणि चौकटीतलं वाक्य चूक आहे. आमच्याही पुस्तकात 'बाजूंची अदलाबदल' असंच होतं, आम्ही तेच घोकून मार्क मिळवले, त्यामुळे तुम्हाला एकट्याला दोष देत नाही. पत्र जरा लांबलंय, सांभाळून घ्या.

हातच्या कांकणाला आरसा कशाला म्हणतात, इथे मात्र आरसाच लागेल. समोर उभं राहून बोट उजवीकडे दाखवा, आरशातलं बोटही त्याच बाजूला जातं. वर दाखवा, तेही वर. आता बोट आरशाकडे रोखा, आतलं बोट तुमच्यावर रोखलेलं! उलटं झालं ते एवढंच, पुढचं-मागचं, बाकी सगळं जागच्या जागी. गडबड आपल्या डोक्यात होते कारण समोरचा माणूस म्हणजे वळून आपल्याकडे तोंड करून उभा राहिलेला माणूस अशी सवय आहे, म्हणून आपण मनातल्या मनात स्वतःला गर्रकन वळवून काचेमागे नेऊन ठेवतो आणि मग घड्याळ भलत्याच हातात दिसलं की आळ आरशावर. तळ्याच्या पाण्यात झाड उलटं दिसतं तेही हेच, तिथे आरसा आडवा पसरलाय म्हणून त्याचं पुढे-मागे म्हणजे आपलं वर-खाली.

कागदावरच्या अक्षरांचं तर याहून भारी आहे. नाव लिहिलेला कागद आरशाला दाखवताना आपण तो पान उलटतो तसा फिरवतो, म्हणजे डावं-उजवं आपल्याच हाताने झालेलं असतं. तोच कागद वरची कड खाली आणून फिरवा, आता अक्षरं डावीकडून उजवीकडे नीट लागतात पण डोकं खाली पाय वर! आरसा तोच, कागद तोच, बदललं फक्त आपलं फिरवणं. आणि फिरवायचंच नसेल तर पारदर्शक प्लॅस्टिकवर मार्करने लिहून आपल्याला वाचता येईल असं धरा, आरशातही ते सरळच दिसतं. मुलीने हे ५ मिनिटांत करून बघितलं आणि माझ्याकडे अशी बघायला लागली की लेख मीच लिहिलाय.

लेखात प्रतिमा कशी तयार होते ते फारच घाईत उरकलंय. नाकाच्या शेंड्यावरून निघालेला किरण काचेवर ज्या कोनात पडतो त्याच कोनात परत फिरतो आणि डोळ्यात शिरतो. डोळ्याला वाटेतलं वळण कळत नाही, तो समजतो किरण सरळच आला, म्हणून नाक काचेच्या मागे तेवढ्याच अंतरावर दिसतं. तिथे उजेडबिजेड काही नसतो, पडदा धरला तर त्यावर काही उमटणार नाही, म्हणूनच ती आभासी प्रतिमा. पण अंतर मात्र खरं मोजावं लागतं, आरशापासून १ मीटरवर उभं राहून स्वतःचा फोटो काढायचा तर कॅमेऱ्याचा फोकस २ मीटरला लागतो. ज्यांना लांबचं दिसत नाही त्यांनी चष्मा काढून आरसा डोळ्याजवळ धरावा, काच हाताशी असली तरी तिच्यातलं लांबचं झाड धूसरच दिसणार.

जाता जाता, अख्खं अंग दिसायला उंचीच्या निम्मा आरसा पुरतो, १७० सेंमीच्या माणसाला ८५ सेंमीचा, फक्त तो बरोबर उंचीवर लावलेला हवा. आणि मागे सरकून जास्त दिसत नाही, हे मोठ्या माणसांनाही पटत नाही.

सममितीबद्दल लेखात एकच ओळ आहे, फुलपाखराची, ती वाढवायला हवी होती. ठ आरशात ठ-च राहतो, पण ज्यांच्या उजव्या अंगाला उभी रेघ आहे ती आपली बहुतेक अक्षरं उलटी पडतात. आपण बाहेरून दोन्हीकडे सारखे, पण आत यकृत उजवीकडे. आणि उजव्या हाताची प्रतिमा म्हणजे डावा हात, तो कसाही फिरवा, उजव्यावर तंतोतंत बसत नाही. हातमोजा मात्र आतलं बाहेर केलं की दुसऱ्या हातात जातो, कारण आपण त्याचं आत-बाहेर उलटं केलं, आरसा पुढे-मागे करतो तसंच. हे फक्त हातापुरतं नाही, लुई पाश्चरने १८४८ मध्ये एका क्षाराचे असे डावे-उजवे स्फटिक चिमट्याने एकेक वेगळे केले होते. निसर्गाचे नियम तरी आरशात तसेच राहतील असं शास्त्रज्ञ धरून चालले होते, त्यावर ली आणि यांग या भौतिकशास्त्रज्ञांनी शंका घेतली, चिएन-शिउंग वू या भौतिकशास्त्रज्ञ बाईंनी अतिथंड कोबाल्ट-६० या किरणोत्सारी धातूवर प्रयोग करून ती खरी ठरवली. १९५७ चं नोबेल ली आणि यांगना मिळालं, वू बाईंना नाही, हे मला अजून खटकतं.

तर पुढच्या रविवारी दुरुस्ती छापा, दोन ओळींची चालेल. आणि सोबतचं चित्रही बदला, त्यात मुलाने उजवा हात वर केलाय आणि आरशातल्या मुलाचा दुसऱ्या बाजूचा हात वर दाखवलाय. असं दिसायला दोन आरसे काटकोनात जोडून त्यांच्या मधल्या सांध्यात बघावं लागतं, एका सपाट आरशात वर केलेल्या हातासमोर वर केलेलाच हात येतो.

आपला,
एक नियमित वाचक