कूकाबुराच्या हसण्याविषयी

ब्रिस्बेन

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

दुपारी तुमची जेवणे उरकल्यावर आपण फोनवर बोलतो, तेव्हा इथे दिवेलागण होत असते आणि झाडावरून जे मोठमोठ्याने हसणे तुम्हांला ऐकू येते, ते माणसांचे नसून कूकाबुराचे असते. विराजुरी या मूळनिवासी लोकांच्या भाषेतून आलेले हे नाव त्याच्या आवाजावरूनच पडले आहे. शास्त्रीय नावात मात्र 1783 पासून 'न्यू गिनीचा' असा उल्लेख चिकटला आहे, आणि तिथे तर हा पक्षी आढळतच नाही!

बाबा, तुमच्या आवडत्या खंड्याच्याच कुळातला हा पक्षी आहे. पांढुरक्या डोक्याचा, डोळ्यावर तपकिरी पट्टा असलेला आणि आकाराने खंड्याहून कितीतरी मोठा. पाण्यावाचून त्याचे अडत नाही. तो फांदीवर निश्चल बसून जमीन न्याहाळतो, किडा, सरडा किंवा लहानसा साप दिसताच झेप घेतो आणि भक्ष्य मोठे असेल तर ते फांदीवर आपटून आपटून मारतो.

त्याच्या हसण्यामागे आनंद असतो, असे नाही. एक पक्षी खालच्या सुरात खुदखुदू लागतो, घरचे बाकीचे त्यात सूर मिसळतात, आवाज टिपेला पोहोचतो आणि मग पलीकडच्या झाडांवरून दुसरे कुटुंब उत्तर देते. पहाटे आणि सांजवेळी चालणारी ही आपापल्या हद्दीची जाहीर ग्वाही असते.

मला सर्वांत भावते ती त्यांची घराची रीत. जोडी सहसा जन्मभराची असते आणि आधीच्या विणीची मोठी झालेली पिले पुष्कळदा काही वर्षे आईबापांजवळच राहून अंडी उबवायला, धाकट्यांना भरवायला आणि हद्द राखायला हातभार लावतात. या घराला कठोर बाजूही आहे, ती तुमच्यापासून लपवत नाही: अन्न अपुरे पडले की ढोलीतली थोरली पिले सर्वांत धाकट्याला चोचीने टोचून मारूनही टाकतात. तरीही थोरल्या भावंडाने धाकट्यासाठी चोचीत घास आणलेला पाहिला की मला फार बरे वाटते.

तुम्ही इकडे येण्याचे ठरवाल तेव्हा सप्टेंबरनंतरचे महिने निवडावेत, कारण इथला वसंत तेव्हा सुरू होतो आणि कूकाबुराच्या विणीचा हंगामही तोच असतो. बाबा, येताना दुर्बीण आठवणीने आणा.

तुमची लेक