कापसाच्या गंजीशेजारी माझ्या सायकलला जागा देणाऱ्या मावशींना

मावशी,

साष्टांग नमस्कार.

हे पत्र तुमचा नातू मोबाइलवर वाचून दाखवेल, त्याला तसं सांगूनच आले आहे. तुमचं नाव-गाव इथे घालत नाही. दारव्हा आणि कारंज्याच्या मधलं एक गाव, एवढंच लिहिते. घरी पोचून आठ दिवस झाले. दोनदा लिहायला बसले, दोन्ही वेळा डोळे भरून आले, म्हणून उशीर झाला.

त्या रात्री तुम्ही मला काहीच विचारलं नाही, म्हणून आज सांगते. मी यवतमाळहून अचलपूरला निघाले होते, शकुंतलेच्या, म्हणजे आपल्या छोट्या रेल्वेच्या वाटेनं. अचलपूर माझं आजोळ. लहानपणी मूर्तिजापूरला गाडी बदलून आम्ही शकुंतलेत बसायचो. तेव्हा कोळशाचं इंजिन होतं, डिझेल आलं १९९४ साली. यवतमाळ ते मूर्तिजापूर ११३ किलोमीटर, तिथून अचलपूर ७६. ज्या कापसासाठी इंग्रजांच्या काळात हे अडीच फुटी रूळ पडले, तो कापूस अजून पिकतोय आणि गाडी बंद आहे. रुळांच्या मधून झाडं वर आली आहेत. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात एल्रॉय ते स्पार्टा अशी बंद पडलेली रेल्वे होती, तिच्या जागी सायकलवाट केली आणि माणसं तिच्यावर सायकल चालवायला लांबून येतात. आपल्याकडे लोकांना गाडीच परत हवी आहे आणि ती मिळायलाच हवी, माझंही तेच म्हणणं आहे. पण तोवर रुळांच्या आसपासच्या पांदणी तर आहेत! ट्रक नाही, हॉर्न नाही. दिवसभरात चार बैलगाड्या, वेचणीला निघालेल्या बाया आणि दोन्ही अंगांना फुटलेली पऱ्हाटी. असं सायकल चालवण्यात जे सुख आहे ते मला डांबरी रस्त्यावर कधी मिळालं नाही.

दुपारी अवकाळी आला आणि सगळं बदललं. आपली काळी माती तुम्हाला काय सांगायची! दहा पावलांत चाकं मडगार्डमध्ये रुतून बसली. पऱ्हाटीची काडी घेऊन चिखल खरवडायचा, दहा पावलं ढकलायचं, पुन्हा खरवडायचं. अंधार पडेपर्यंत हेच चाललं होतं.

त्याच्या आधी काय झालं तेही लिहिते, कारण ते मनातून जात नाही. पाऊस सुरू झाला तेव्हा मी मागे फिरून तालुक्याच्या गावी एका लॉजवर गेले होते. काउंटरमागच्या फळीवर किल्ल्यांची रांग लटकत होती. त्या माणसानं मला पाहिलं, सायकल पाहिली आणि "एकट्या बाईला खोली देत नाही" म्हणाला. आधार कार्ड पुढे केलं तर हातातसुद्धा घेतलं नाही. बाहेर एक गाडी थांबली. त्यातल्या लोकांनी सायकल कितीची ते विचारलं, माझ्यासोबत फोटो काढले, "ग्रेट आहात मॅडम" म्हणाले आणि काच वर करून निघून गेले. मी तशीच भिजत उभी होते. फोटो काढणाऱ्यांपैकी एकालाही विचारावंसं वाटलं नाही, की बाई, रात्री कुठे राहणार?

मग तुमचं घर लागलं. दारातल्या दिव्यात तुम्ही मला चिखलानं माखलेली पाहिलीत आणि एवढंच म्हणालात, "ये वं माय, आंदर ये." गरम पाणी दिलंत, भाकर-ठेचा दिलात. तेही मी विसरणार नाही. पण हे पत्र लिहिते आहे ते त्याच्यानंतरच्या गोष्टीसाठी.

सायकल मी अंगणात भिंतीला टेकवली होती. तुम्ही कंदील घेऊन बाहेर गेलात आणि तिचं हँडल धरून उभ्या राहिलात. "हे भाईर काऊन ठेवली? थे बी तं थकली असन." मी नको नको म्हणत होते, कारण आत जागाच नव्हती. खोलीभर कापूस होता, खिडकीच्या चौकटीपर्यंत गंजी. वर्षाची सगळी कमाई ती. डाग पडलेल्या कापसाचा व्यापारी कसा भाव पाडतो ते मलाही माहीत आहे. तुम्ही दोन्ही हातांनी कापूस मागे सारलात, कोपऱ्यात हातभर जमीन मोकळी केलीत, तिथे पोतं अंथरलंत. बाहेर बसून काडीनं मागच्या चाकाचा चिखल काढलात, एकेक आरी पुसलीत, अगदी गुरांचे पाय धुवावेत तशी. मग सायकल उचलून आत घेतलीत. चेनचं तेल लागून पसाभर कापूस काळा झाला, तो मलाच आधी दिसला. मी माफी मागायला लागले तर तुम्ही तेवढा कापूस चिमटीनं काढलात, कोनाड्यात ठेवलात आणि म्हणालात, "दिव्याले कामी येते." आणि स्वतःचं अंथरूण दाराला आडवं टाकून निजलात.

मावशी, दिवसभर मला आणि त्या सायकलला पाहून लोक हसले होते किंवा फोटो काढून गेले होते. मोटरसायकल काऊन नाही घेत, हे तर किती जणांनी विचारलं. तुम्ही एकट्याच, की जिला मी जपते तिला तुम्हीही जपलंत. तिची किंमत विचारली नाहीत आणि तुमच्या कापसाची किंमत मला दाखवली नाहीत. मी बरंच फिरले आहे. माणुसकीवर भाषणं देणारे पुष्कळ भेटले. ज्यांच्या घरात पाहुण्यासाठी जागा करायची तर आधी कापूस सारावा लागतो, त्यांच्याकडेच मला ती दर वेळी सापडली आहे.

सकाळी पैसे देऊ केले तेव्हा तुम्ही रागावलात. पुन्हा देणार नाही. तूर निघाली की येते, नातवासाठी पंक्चर काढायचं सामान आणते आणि त्याला शिकवून जाते. कोनाड्यातला तो कापूस तेवढा राहू द्या. त्याच्या वाती मी वळून देईन.

तुमची,
सायकलवाली पावनी
अमरावती