बंद पडलेल्या नावांचा मालक कोण?

समाजमाध्यमांवरील निष्क्रिय खात्यांची नावे मोकळी करून दुसऱ्यांना देण्याला माझा सरसकट विरोध नाही. कोणी नाव अडवून वर्षानुवर्षे फिरकत नसेल, तर गरजूने किती थांबायचे? पण नियम कोणासाठी, हा प्रश्न आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये ट्विटरने सहा महिने लॉगइन न केलेली खाती काढण्याचे जाहीर केले. दिवंगतांच्या खात्यांचे काय, अशी ओरड होताच माघार घेतली. मे २०२३ मध्ये ट्विटरचे नवे मालक इलॉन मस्क यांनी तीच टूम पुन्हा काढली. जुलैत ट्विटरचे नाव ‘एक्स’ झाले, तेव्हा तर कंपनीने ‘@एक्स’ हे खात्याचे नाव सॅन फ्रान्सिस्कोतील एका छायाचित्रकाराकडून काढून घेतले. २००७पासून ते त्याचे होते. मोबदला? पैसे नाहीत, कंपनीच्या चार वस्तू आणि कार्यालयाची सैर!

जीमेलमध्ये खाते गेले तरी तो पत्ता दुसऱ्याला मिळत नाही. समाजमाध्यमांवर नाव पुन्हा वाटले, की जुन्या पोस्टमधला उल्लेख थेट तिऱ्हाइताच्या दारात नेतो. तोतयांचे फावते, ते वेगळेच. निदान आगाऊ सूचना आणि मृतांच्या खात्यांना अभय, एवढे तरी लेखी नियमात हवे.

– एक वाचक, ठाणे