झूमची जागा कचरामुक्तीनंतर निसर्गासाठी राखून ठेवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोल्हापूरच्या कसबा बावड्यातील लाईन बझार परिसरातल्या झूम प्रकल्पावर, म्हणजे महापालिकेच्या कचरा डेपोवर, वर्षानुवर्षे साचलेल्या कचऱ्याच्या डोंगराचा विषय निघाला की चर्चा बहुधा एकाच प्रश्नापाशी थांबते : हा कचरा हलणार कधी? पेटलेल्या कचऱ्याचा धूर आणि पावसाळ्यातली दुर्गंधी सोसलेल्या बावडेकरांनी आधी हेच विचारावे, हे स्वाभाविक आहे. मात्र कचऱ्याखालून मोकळ्या होणाऱ्या जमिनीचे पुढे काय करायचे, हे आताच ठरवले नाही, तर ती पुन्हा कचऱ्याखाली किंवा बांधकामाखाली जाईल, अशी मला भीती वाटते.

कचरा उचलला म्हणजे जमीन शुद्ध झाली, असेही नाही. बायोमायनिंगमध्ये, म्हणजे जुना कचरा वेगवेगळा करून हटवण्याच्या प्रक्रियेत, साठा उकरून, त्यावर जिवाणूंचे कल्चर फवारून, वाळवून चाळला जातो. प्लास्टिक आणि चिंध्या सिमेंटच्या भट्ट्यांकडे इंधन म्हणून पाठवता येतात आणि खाली बारीक काळी माती उरते. ही माती खतासारखी दिसली, तरी बॅटऱ्या, रंगांचे डबे आणि ट्यूबलाइट यांतून आलेले शिसे, कॅडमियम व पारा तिच्यात असू शकतो. शिवाय इतक्या वर्षांत झिरपलेले कचऱ्याचे पाणी खालच्या थरांत मुरलेले असते आणि पंचगंगा तिथून दूर नाही. म्हणून एकही रोप लावण्यापूर्वी मातीची आणि आसपासच्या विहिरी व बोअरच्या पाण्याची तपासणी व्हावी आणि तिचे निष्कर्ष मराठीतून जाहीर करावेत.

कचऱ्याचा काही भाग जागेवरच राहणार असेल, तर आणखी काळजी हवी. गाडलेल्या कचऱ्यातून निघणारा मिथेन मुळांजवळचा प्राणवायू हटवतो, त्यामुळे वेळच्या वेळी पाणी घालूनही झाडे वाळतात. अशा ठिकाणी चिकणमातीचा अभेद्य थर, वायू बाहेर सोडणाऱ्या नळ्या आणि वर पुरेशी चांगली माती लागते. सुरुवातीला फळझाडे टाळून वाळा, करंज आणि स्थानिक गवते लावावीत. ओढ्याकाठी वाळुंज आणि उंबर यांना नंतर जागा देता येईल. केवळ हिरवळ आणि कारंजे करून भागणार नाही, कारण पक्षी-फुलपाखरे येतात ती आपल्या मातीतल्या झाडांवर.

हे आपल्याकडे होणे अशक्य आहे, असे कोणी म्हणू नये. मुंबईत माहीमजवळ, धारावीला लागून असलेले सुमारे ३७ एकरांचे महाराष्ट्र निसर्ग उद्यान पूर्वीच्या कचरा डेपोवरच उभे राहिले आणि १९९४ मध्ये लोकांसाठी खुले झाले. मुंबईसारख्या शहरात, जिथे जमिनीची किंमत सर्वांना ठाऊक आहे, तिथे ही जागा टिकली, याचे मला विशेष महत्त्व वाटते. आणि कोल्हापूरकर रोज संध्याकाळी ज्याच्या काठावर फिरायला जातात, तो रंकाळाही मूळची दगडाची खाणच होती, असे मानले जाते.

महापालिकेने ही जागा विकास आराखड्यात निसर्ग उद्यान म्हणून आरक्षित करावी, मुलांच्या खेळासाठी तपासणीत निर्धोक ठरलेलाच भाग खुला करावा आणि आजवर याच कचऱ्यावर पोट भरणाऱ्या कचरावेचक महिलांना उद्यानाच्या देखभालीच्या कामात पहिला हक्क द्यावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक नागरिक, कसबा बावडा, कोल्हापूर