थंड पाण्यातील डायव्हिंग आणि उबेचा हिशेब

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत थंड पाण्यातील स्कूबा डायव्हिंगच्या सहलींविषयी आलेला लेख आवडीने वाचला. नितळ तळी आणि बुडालेली जहाजे यांचे वर्णन त्यात सुरेख उतरले आहे. मात्र थंडीचा प्रश्न लेखात ‘पुरेशा जाडीचा सूट घातला की झाले’ एवढ्यावर निकालात काढला आहे. तेवढ्या भरवशावर एखादा हौशी डायव्हर निघाला, तर पहिली बुडी कदाचित निभावेल, पण दुसरी आणि तिसरी त्याला जड जाईल. म्हणून हे पत्र लिहीत आहे.

सूट कितीही महागडा असला, तरी तो ऊब निर्माण करीत नाही. शरीराने तयार केलेली उष्णता बाहेर निघून जाण्याचा वेग तो फक्त कमी करतो. पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते आणि शरीराचे आतले तापमान ३७ अंशांवरून ३५ अंश सेल्सिअसच्या खाली गेले की वैद्यक त्याला हायपोथर्मिया म्हणते. या दोन अंशांच्या फरकात डायव्हरला आपला सगळा व्यवहार सांभाळायचा असतो. त्यामुळे ऊब पाण्याबाहेर जमवायची आणि पाण्यात पुरवून वापरायची, या दृष्टीनेच साऱ्या सहलीची आखणी करावी लागते.

जाडीचा मुद्दा लेखकाने काढलाच आहे, तर त्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. वेटसूट, म्हणजे आत थोडे पाणी शिरू देणारा सूट, ज्या निओप्रीनचा करतात ते म्हणजे वायूचे असंख्य बारीक बुडबुडे कोंडलेले रबर असते आणि खरी ऊब राखतात ते हे बुडबुडे. १० मीटर खोलीवर दाब दुप्पट होतो आणि वायूचे आकारमान निम्मे होते. ३० मीटरवर ते एक चतुर्थांश उरते. म्हणजे दुकानात हातात घेऊन पाहिलेला सात मिलिमीटरचा सूट तळाशी तेवढा जाड राहतच नाही. त्यात थंड प्रदेशांतील खोल गोड्या पाण्याच्या तळ्यांत उन्हाळ्यातसुद्धा तळाचे पाणी ४ अंशांच्या आसपास असते, कारण त्याच तापमानाला पाण्याची घनता सर्वांत जास्त असते आणि ते खाली बसते. सूट जिथे सर्वांत पातळ होतो, तिथेच पाणी सर्वांत गार असते. जाडीपेक्षाही मापाला महत्त्व अधिक. भाड्याचा सूट कमरेत किंवा मानेशी सैल असेल, तर डोके वळवताच गार पाण्याचा ओघळ पाठीच्या कण्यावरून खाली उतरतो, आणि आत कोमट झालेले पाणी दर हालचालीला बाहेर पडून त्याची जागा नवे पाणी घेते. पाच मिलिमीटरचा अंगाबरोबर बसणारा सूट सात मिलिमीटरच्या ढगळ सूटपेक्षा बरा, हे मी कोणालाही निःशंकपणे सांगेन.

पाणी साधारण १० अंशांच्या खाली असेल, तर वेटसूटचा हट्ट सोडून ड्रायसूटकडे वळावे. आइसलंडमधील सिल्फ्रा या प्रसिद्ध भेगेत पाणी वर्षभर २ ते ४ अंश असते आणि तिथे ड्रायसूटशिवाय डायव्हिंगला उतरूच देत नाहीत. पण पातळ कापडाचा ड्रायसूट स्वतः उबदार नसतो. तो पाणी बाहेर ठेवतो, ऊब राहते ती आतल्या कपड्यांत अडकलेल्या हवेमुळे. आत सुती गंजी घालणाऱ्याला ही हवा मिळत नाही, कारण सूत ओले झाले की अंगाला चिकटते आणि लवकर वाळत नाही. अंगालगत मेरिनो लोकरीचा पातळ थर आणि त्यावर जाड फ्लीसचा अंडरसूट ही जोडी चांगली.

नवखे लोक बहुतेक वेळा चुकतात ते कपडे चढवण्याच्या वेळेत. बोटीच्या गरम खोलीत अंडरसूट आणि ड्रायसूट घालून, झिप ओढून, सूचना ऐकत माणूस अर्धा तास बसून राहतो. पाठीवर घाम जमतो, तो कपड्यात मुरतो, आणि पाण्यात शिरल्यावर काही मिनिटांतच त्याला वाटू लागते की सूट गळतो आहे. सूट गळत नसतो, आत असतो तो त्याचाच घाम. सूचना साध्या कपड्यांत ऐकाव्यात, हवेचा सिलिंडर आणि त्यातली हवा श्वासायोग्य दाबाने देणारा रेग्युलेटर आधी जोडून ठेवावेत आणि झिप अगदी शेवटी लावावी. ड्रायसूटमधील हवा वर येताना फुगते आणि ती बाहेर सोडावी लागते; ती पायांकडे गेली तर डायव्हर उलटा होऊन वर फेकला जाऊ शकतो. म्हणून ती सोडण्याची सवय सहलीआधी उथळ, शांत पाण्यात प्रशिक्षकाबरोबर करून घ्यावी. सहलीची पहिली बुडी ही त्याची जागा नव्हे.

डोक्यातून शरीराची निम्मी उष्णता जाते, असेही लेखात म्हटले आहे. ही समजूत जुनी आहे. डोक्याचा वाटा त्याच्या पृष्ठभागाच्या प्रमाणात, म्हणजे ७ ते १० टक्क्यांच्या घरात असतो. हुड तरीही हवाच, कारण उघडे डोके गार पाण्यात असले की सगळे शरीर लवकर गार पडते आणि कपाळात उठणारी कळ लक्ष विचलित करते.

आता ज्याची लेखात दखलच नाही, त्या दोन बुड्यांमधल्या वेळेविषयी. माझ्या मते सहल तिथेच बिघडते किंवा सावरते. पाण्यातून आलेला डायव्हर ओल्या वेटसूटमध्ये वाऱ्यावर उभा राहून गप्पा मारतो आणि सूटवरील पाण्याचे बाष्पीभवन त्याच्या अंगातली उष्णता ओढत राहते. वारा अडवणारा लांब कोट ही या सहलीतली सर्वांत मोलाची वस्तू आहे, आणि सूटच्या वरून तो ताबडतोब घालता यावा एवढा ढगळ असावा. मध्यंतर मोठे असेल तर सूट काढून अंग कोरडे करावे, कोरडी टोपी आणि मोजे घालावेत, गार पत्र्यावर अनवाणी उभे न राहता पायाखाली काहीतरी अंथरावे. भरपेट खावे, कारण उष्णता शेवटी अन्नातूनच तयार होते. पाण्यात शिरल्यावर हातापायांचे रक्त धडाकडे वळते आणि मूत्रपिंडे जास्त लघवी तयार करतात. या कटकटीपायी बरेच जण पाणी पिणेच टाळतात, ते मात्र वाईट, कारण शरीरातील पाणी कमी होणे डायव्हरच्या हिताचे नसते. वेटसूटमध्येच लघवी केल्यावर मिळणारी ऊब हा बोटीवरच्या थट्टेचा कायमचा विषय आहे. ती ऊबही आपल्याच अंगातली, आणि घटकाभरात पाण्याला जाऊन मिळणारी.

बुडी कधी संपवायची, हा निर्णय बोटांवर सोपवावा. शरीर धड वाचवण्यासाठी हातांकडचा रक्तप्रवाह आधी कमी करते; त्यामुळे बोटे बधिर होतात आणि क्लिप, बकल, सूटचा व्हॉल्व्ह हाताळणे कठीण होत जाते. अंगठा त्याच हाताच्या करंगळीला टेकतो का, हे मधूनमधून पाहावे. टेकत नसेल तर सोबत्याला वर जाण्याची खूण करावी. हुडहुडी भरेपर्यंत वाट पाहणे म्हणजे उशीर करणे होय. कुडकुडणारा माणूस जोरात श्वास घेतो, त्याची हवा लवकर संपते आणि रेग्युलेटरमधून हवेचा प्रवाह वाढल्याने त्याची झडप गोठून उघडीच अडकण्याचा धोकाही वाढतो. युरोपच्या ईएन २५० मानकानुसार १० अंशांखालचे पाणी थंड गणले जाते. आपला रेग्युलेटर तशा पाण्यासाठी प्रमाणित आहे की नाही, हे आधी बघून घ्यावे.

थंडीचा संबंध डीकॉम्प्रेशनच्या आजाराशीही, म्हणजे वर येताना दाब घटून अंगात विरघळलेल्या वायूचे बुडबुडे झाल्याने होणाऱ्या आजाराशीही आहे. अमेरिकी नौदलाच्या एक्सपेरिमेंटल डायव्हिंग युनिटने २००७ साली मांडलेल्या अभ्यासात, तळाशी उबदार आणि वर येताना गारठलेल्या डायव्हरांना हा धोका उलट स्थितीतल्या डायव्हरांपेक्षा कितीतरी जास्त असल्याचे दिसले. बॅटरीवर तापणारे जाकीट उतरताच पूर्ण जोरात लावायचे आणि वर येताना बॅटरी संपवून बसायचे, हा प्रकार म्हणूनच सर्वांत वाईट. तळाशी ते मंद ठेवावे आणि राखलेली शक्ती वर येताना हा वायू हळूहळू बाहेर पडावा म्हणून घेतलेल्या थांब्यांसाठी वापरावी. बाहेर आल्यावरही लगेच कढत पाण्याखाली उभे राहू नये, कारण त्वचा एकाएकी तापली की ऊतींत विरघळलेल्या वायूचे बुडबुडे होण्याला चालना मिळते. मद्य तर नकोच. त्याने त्वचेच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, अंगात ऊब आल्याचा भास होतो आणि आतली उष्णता बाहेर जाते. कोरडे कपडे, कोमट गोड पेय आणि थोडा निवांतपणा एवढे पुरे. पाण्याबाहेर आल्यानंतरही काही वेळ शरीराचे आतले तापमान उतरत राहू शकते, म्हणून फार गारठलेल्या माणसाला लगेच सिलिंडर उचलायला लावू नये.

सहल अनेक दिवसांची असेल, तर थकवा आणि अपुरी झोप साठत जाते आणि पहिल्या दिवशी सोसलेली थंडी पुढे सोसवत नाही. पुढच्या दिवसांच्या बुड्या म्हणून आखणीतच लहान ठेवाव्यात. पैसे भरण्यापूर्वी आयोजकांना एवढे जरूर विचारावे, की बोटीवर वारा न लागणारी खोली आहे का, सूट आणि हातमोजे रात्रीतून वाळतील अशी सोय आहे का, दोन बुड्यांमध्ये किती वेळ मिळतो, आणि गारठलेल्या डायव्हरने उरलेली बुडी सोडली तर त्याच्यावर कुरकुर न करणारा प्रमुख बोटीवर असतो का.

आपला,
एक वाचक