मोसंबीची आई पपनस!

महोदय,

मृग बहाराचा संत्रा कळमना बाजारात येऊ लागला की संत्रा आणि मोसंबी ही सख्खी भावंडं, असं सर्रास ऐकू येतं. वनस्पतीशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेलेल्या मला इथे थोडं बोलावंसं वाटतं.

पानाला हिरवेपण देणाऱ्या हरितलवकाचा स्वतःचा वेगळा डीएनए असतो. लिंबूवर्गात तो परागातून येत नाही, आईकडूनच येतो. त्यामुळे तो वाचला की फळाचं आजोळ कळतं. मोसंबी ज्या जातीत मोडते, त्या 'गोड संत्र्या'च्या (इंग्रजीत स्वीट ऑरेंज; आपला नागपुरी संत्रा नव्हे) हरितलवकाचा पूर्ण नकाशा 2006 मध्ये प्रसिद्ध झाला; डीएनएची 1 लाख 60 हजारांहून थोडी जास्त अक्षरं. ते हरितलवक पपनसाच्या घराण्यातलं निघालं! म्हणजे मोसंबीच्या आईकडे पपनस, आणि संत्र्याच्या, म्हणजे मँडरिनच्या, कुळाचं रक्त मिसळलं ते नंतर. आपला नागपुरी संत्रा मात्र मँडरिन कुळाचा. आणि ज्या जंबेरी नावाच्या लिंबाच्या खुंटावर काटोल-नरखेडचे शेतकरी त्याचा डोळा भरतात, तिची आईही मँडरिनच, बाप महाळुंग, ते जाड सालीचं मोठं लिंबू. खुंट आणि कलम आईकडून नात्यातले, हे मला फार सुंदर वाटतं.

म्हणून विनंती: जुन्या वाड्यांतली, परसातली पपनस आणि महाळुंगाची झाडं 'कोण खातं' म्हणून तोडू नका. शहरात संत्र्याचे उत्सव भरतात, तिथे या मंडळींचा एक स्टॉल असावा. केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था तर आपल्याच गावात आहे.

— एक निवृत्त शिक्षिका, धरमपेठ, नागपूर